घरचा संगणक मंद कां होतो?

"आमचा संगणक फार हळू चालतो, आतां नवा घ्यावा कीं काय?" हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं वारंवार ऐकूं येतो. सात-आठ वर्षांपूर्वीं मुलांच्या शिक्षणासाठीं हौसेनें घेतलेला संगणक सकाळीं सुरू करावा, चहा करून आणावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचें चक्र आपलें फिरतच असतें. प्रवेश-अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा, घरांतील सर्व मंडळींनीं पेटीभोवतीं जमावें, आणि पेटीनें मात्र ढिम्म हलूं नये, हा प्रसंग पुष्कळांनीं अनुभविला असेल. अशा वेळीं दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "टाकून द्या." दुसरा म्हणतो, "रॅम वाढवा." पहिल्या सल्ल्यानें पैसा जातो, दुसऱ्या सल्ल्यानें पैसा जाऊन वेग येईलच अशी खात्री नाहीं. आणि कित्येकदां या गडबडींत पैशाहून मोलाची एक वस्तु हातची जाते. ती कोणती, तें पुढें ओघानें येईल. मला आज सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, मंदपणा हा रोग नसून रोगाचें लक्षण आहे. आणि निदान झाल्यावांचून औषध घेऊं नये.

वऱ्हाडांतील श्रोत्यांस 'शकुंतला' गाडीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि तेथून पुढें अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी आतां बंद झाली आहे. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन तिला अनेक दशकें ओढीत होतें. १९९४ सालीं तें निवृत्त होऊन त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. इंजिन नवें, जोरदार. परंतु रूळ तेच आणि पूल तेच. अर्थात्‌ गाडीचा वेग इंजिनाच्या जोराप्रमाणें न वाढतां रुळांच्या सोसण्याप्रमाणेंच राहिला. संगणकाचेंहि नेमकें असेंच आहे. त्याची गति त्याच्या सर्वांत चपळ भागावरून ठरत नाहीं, सर्वांत मंद भागावरून ठरते.

जीन ॲम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं हाच विचार गणिताच्या भाषेंत मांडला. त्याचा आशय एका साध्या हिशेबानें ध्यानांत येईल. समजा, एका कामास शंभर सेकंद लागतात. त्यांपैकीं दहा सेकंद गणित करण्यांत जातात व नव्वद सेकंद साठवणुकींतून माहिती येण्याची वाट पाहण्यांत. आतां गणित करणारा भाग दुप्पट वेगाचा आणला, तर पांच सेकंद वांचतील आणि काम पंचाण्णव सेकंदांत होईल. उलट साठवणुकीचा भाग दहापट वेगाचा केला, तर नव्वदांचे नऊ होतील आणि सबंध काम एकोणीस सेकंदांत आटोपेल. खर्च दोन्हीकडे झाला. लाभ एकीकडेच झाला.

हे भाग कोणते, हें समजण्यासाठीं अकोल्याच्या बाजारांतील एखादें अडतीचें दुकान डोळ्यांपुढें आणा. मुनीमजी हिशेबांत मोठे तरबेज आहेत. त्यांच्या पुढ्यांत एक लहानसें मेज असून चालू वह्या त्यावर उघड्या पडलेल्या आहेत. बाकीच्या वह्या मागच्या कोठारांत आहेत. संगणकांत मुनीमजींच्या जागीं प्रोसेसर असतो. मेज म्हणजे रॅम. आणि कोठार म्हणजे हार्ड डिस्क. आपल्याकडे सबंध पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तें नांव एकट्या मुनीमजींचें आहे. वीज गेली कीं मेजावरचें सारें पुसलें जातें, कोठारांतलें राहतें. मेज अपुरें पडलें, म्हणजे एक वही उघडण्यासाठीं दुसरी कोठारांत ठेवून यावी लागते. मग मुनीमजींचा दिवस हिशेबांत न जातां येरझारांत जातो.

आतां कोठाराकडे पाहूं. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क ही फिरती चकती होय. घरगुती संगणकांतील चकती बहुधा मिनिटास ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचे सुमारें ८.३ सहस्रांश लागतात. वाचणारा कांटा योग्य वर्तुळावर नेण्यास आठ-दहा सहस्रांश, आणि हवी ती जागा त्याच्याखालीं फिरून येण्यास सरासरी अर्धा फेरा. एवढ्या वेळांत एक नोंद हातीं येते. म्हणजे नोंदी विखुरलेल्या असतील तर सेकंदास शंभराच्या आंत-बाहेर नोंदी निघावयाच्या. आणि संगणक सुरू होतांना तर त्यास अशा हजारों लहान नोंदी उचलाव्या लागतात. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं चकत्यांचें पहिलें कोठार बाजारांत आणलें. त्यांत पन्नास चकत्या मिळून पन्नास लाख अक्षरें मावत, आणि त्या मिनिटास १२०० फेरे घेत. आजच्या एक टेराबाइटच्या चकतींत त्याच्या दोन लाख पट अक्षरें मावतात. फेरे मात्र सहापटच वाढले आहेत. कोठार डोंगराएवढें झालें, पण त्याचें दार तसेंच अरुंद राहिलें.

एसएसडी या नांवानें जी नवी साठवण मिळते, तींत फिरणारा भागच नाहीं. जपानच्या तोशिबा कंपनींत फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ज्या फ्लॅश स्मृतीचा शोध लावला, तिचेंच हें पुढचें रूप. तींत कांटा न्यावा लागत नाहीं, चकती फिरण्याची वाट पाहावी लागत नाहीं. त्यामुळें विखुरलेल्या नोंदी सेकंदास हजारोंनीं निघतात. जुन्या संगणकांत ही एक वस्तु बसविल्यानें त्याचा कायापालट होतो, असा जो अनुभव लोक सांगतात, त्याचें कारण हें आहे.

परंतु येथेंहि घाई नको. प्रथम पाहणी करावी. विंडोज चालत असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर नांवाची खिडकी उघडते. तींत प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांच्यावर किती भार आहे, तें शेंकड्यांत दिसतें. संगणक अडखळत असेल नेमक्या त्याच वेळीं हे आंकडे पाहावे. प्रोसेसर निवांत आहे आणि डिस्क मात्र मिनिटेंच्या मिनिटें शंभर टक्क्यांवर आहे, असें दिसल्यास अडचण कोठारांत आहे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन डिस्कहि धांवत असेल, तर मेज अपुरें आहे. प्रोसेसरच एकसारखा भरलेला असेल, तर त्याला कोणता कार्यक्रम राबवीत आहे, तें त्याच यादींत दिसेल. तो ओळखीचा नसल्यास संशय घ्यावा. हे तिन्ही आंकडे लहान असून केवळ इंटरनेटवरील पानेंच सावकाश उघडत असतील, तर तीच पानें त्याच जोडणीवर मोबाइलवर उघडून पाहावीं. तेथेंहि विलंब लागल्यास दोष जोडणीचा आहे. पेटीवर कितीहि खर्च केला तरी तो जावयाचा नाहीं.

अशी पाहणी न केल्यास काय होतें, तें स्वतःच्याच उदाहरणावरून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं अमरावतीस माझ्या मावशीच्या घरचा संगणक असाच मंद झाला होता. मीं कसलीहि चौकशी न करतां रॅमची एक पट्टी आणून बसविली आणि काम फत्ते झालें असें सांगून निघून आलों. पेटींतून मधून मधून टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज येत होता. त्याकडे मीं लक्ष दिलें नाहीं. तीन आठवड्यांनीं चकती कायमची बंद पडली. काकांच्या साठीच्या समारंभाचीं सारीं छायाचित्रें तींत होतीं, आणि काका त्या वेळीं हयात नव्हते. दुसरी प्रत कोणीच केलेली नव्हती. मावशी रागावली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "आतां ते फोटो कुठी भेटतीन रे बापा?" मीं आणलेली रॅमची पट्टी मात्र अगदीं शाबूत होती.

तेव्हां मंदपणा हा कधीं कधीं मरणाऱ्या चकतीचा इषारा असतो, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. संगणकास हात लावण्यापूर्वीं पहिलें काम प्रती करून ठेवण्याचें. छायाचित्रें, दाखले, हिशेब, लेखन, जें पुन्हां मिळणार नाहीं त्या सर्वांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि दुसरी आणखी वेगळ्या ठिकाणीं, शक्य तर दुसऱ्या घरीं असावी. चकतींतून टकटक किंवा खरखर ऐकूं येऊं लागली, तर तपासणीचे कार्यक्रम तिच्यावर तासचे तास चालवीत बसूं नये; जें अत्यंत मोलाचें असेल तें आधीं काढून घ्यावें. तें निघेनासें झाल्यास संगणक बंद करून जाणत्याकडे न्यावा. प्रत्येक धडपडीगणिक उरलेलेंहि जाण्याचा संभव असतो.

यानंतर बिनखर्चाची साफसफाई. संगणक सुरू होतांना अनेक कार्यक्रम आपण न सांगतां जागे होतात. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादींतून अनावश्यक ते बंद करावे. जे कार्यक्रम वर्षभरांत उघडले नाहींत, ते काढून टाकावे. विषाणुरोधक कार्यक्रम दोन असतील तर एकच ठेवावा. दोन पहारेकरी एकमेकांचीच झडती घेत बसतात. साठवणुकींतील सहाव्या हिश्शाइतकी तरी जागा मोकळी असूं द्यावी. चकतीवरील विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याची जी डिफ्रॅगमेंटची क्रिया आहे, ती फिरत्या चकतीस उपयोगी आहे. एसएसडीस तिची गरज नाहीं, उलट तिनें झीज मात्र होते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोज १० व ११ मध्यें 'शट डाउन' केल्यावर बहुधा आंतील कांहीं स्थिति जपून ठेवली जाते व पुढच्या वेळीं तीच उचलली जाते. म्हणून संगणक बिथरल्यासारखा वाटल्यास 'रीस्टार्ट' करावा. त्यानेंच तो खरा नव्यानें सुरू होतो. एका टिचकीसरशीं संगणक दसपट वेगवान्‌ करून देण्याच्या जाहिरातींना मात्र भुलूं नये. तसल्या कार्यक्रमांनीं वेग येण्याऐवजीं नको ते पाहुणे घरांत येतात.

आतां आपल्या प्रांताच्या खास शत्रूंकडे वळूं. ते दोन: धूळ आणि ऊन. ज्या गाडगे महाराजांनीं आधीं हातांत खराटा घेऊन गांव झाडावें आणि मग कीर्तनास उभें राहावें, ते याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे. त्यांच्या मुलखांत संगणकाच्या पेटीवर मात्र वर्षानुवर्षें खराटा फिरत नाहीं. पेटीतील पंखा बाहेरची हवा आंत ओढतो व तिच्यासवें रस्त्याची धूळ आणि कापसाच्या हंगामांत बारीक तंतूहि आंत येतात. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो. त्या पात्यांमध्यें ही धूळ नमद्यासारखी बसते आणि हवेची वाट बंद होते. प्रोसेसर जळूं नये म्हणून त्यांत अशी योजना केलेली असते कीं, उष्णता ठराविक मर्यादेपर्यंत चढली, आणि ही मर्यादा पुष्कळ प्रोसेसरांत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे तो आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पंखा कितीहि जोरानें फिरला तरी खोलींतल्या हवेहून थंड हवा तो आणणार कोठून? खोली पंधरा अंशांनीं तापली, कीं आंतला भागहि साधारण तितकाच अधिक तापतो. हिंवाळ्यांत सुरळीत चालणारा संगणक उन्हाळ्याच्या दुपारीं रेंगाळतो, याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

यावर उपाय म्हणून कित्येक जण पेटी कूलरच्या थेट झोतांत ठेवतात. हें टाळावें. कूलरची हवा ओलसर असते आणि जवळ बसल्यास पाण्याचे सूक्ष्म तुषारहि अंगावर येतात. पूर्णेच्या कांठच्या खारपाणपट्ट्यांतील पाणी किती क्षारयुक्त असतें, तें त्या भागांतल्या कूलरच्या जाळ्यांवर चढलेल्या पांढऱ्या थरावरून कोणासहि दिसेल. तेच क्षार तुषारांबरोबर विजेच्या नाजूक जोडांवर जाऊन बसणें बरें नव्हे. पेटी भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच आणि कपाटाबाहेर मोकळ्या हवेंत ठेवावी; कूलर खोली थंड करील तेवढें पुरे.

वर्षांतून दोनदां, उन्हाळ्याच्या तोंडीं आणि दिवाळीच्या सफाईंत, पेटी उघडून झाडावी. प्रथम संगणक बंद करून विजेची तार काढावी. मग सुरू करण्याचें बटण कांहीं क्षण दाबून धरावें, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पेटीच्या धातूस हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ मोकळी करावी व हवेच्या पंपानें ती गच्चीवर किंवा अंगणांत उडवावी. पंप मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें अडवून धरावीं. ओलें फडकें वापरूं नये. ज्या पेटिकेंत विजेची तार जाते, तिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात. ती कधींहि उघडूं नये, कारण तार काढल्यावरहि तींत धक्का बसण्याइतकी वीज सांठलेली असूं शकते. प्रोसेसर आणि त्यावरील ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप कांहीं वर्षांनीं सुकतो. तो जाणत्याकडून नवा लावून घ्यावा. संगणकाचें घड्याळ वरचेवर मागें पडत असेल, तर आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली असें समजावें. ती बदलणें अगदीं सोपें आहे. वीज येतां-जातां चालू काम बिघडूं नये म्हणून यूपीएस मात्र चांगल्या स्थितींत असावें.

एवढें करून भागलें नाहीं, तरच खिशांत हात घालावा. क्रम असा असावा. संगणकांत फिरती चकती असल्यास प्रथम एसएसडी. अडीच इंची साटा जातीची एसएसडी गेल्या पंधरा वर्षांतील बहुतेक पेट्यांत बसते. तिच्यावर विंडोज व नेहमींचे कार्यक्रम ठेवावे. जुनी चकती निरोगी असेल तर ती छायाचित्रांसाठीं आंतच राहूं द्यावी. त्यानंतर रॅम. चार जीबी असेल तर ती आठ करावी. घरगुती लिखापढीस व इंटरनेटला तेवढी बहुधा पुरते. मात्र पट्टी आपल्या संगणकास बसेल अशीच घ्यावी. डीडीआर ३, ४ व ५ या जातींच्या पट्ट्यांच्या खांचा निरनिराळ्या ठिकाणीं असतात व एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं. म्हणून जुनी पट्टी सोबत नेऊनच खरेदी करावी. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांची मागणी वाढल्यामुळें स्मृतीच्या पट्ट्यांचे भाव जगभर चढले. मेज अपुरें आहे अशी खात्री करूनच पट्टी घ्यावी, हें सांगण्याचें तें आणखी एक कारण. चित्रांचें वेगळें कार्ड घातल्यानें खेळ व चित्रपट-संकलन यांस लाभ होतो. पत्रें लिहिण्यास व अर्ज भरण्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

शेवटीं, कोठें थांबावें हेंहि ठरविलें पाहिजे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नेहमींची सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविली. घरगुती ग्राहकांनीं नांवनोंदणी केल्यास ती एक वर्ष वाढवून घेण्याची सोय तेवढी ठेवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची योजना लागते आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सर्व प्रोसेसर तिच्या यादींतून वगळले गेले आहेत. त्यामुळें सुस्थितींतील कितीतरी संगणक केवळ या अटीमुळें जुने ठरले. अशा संगणकावर लिनक्स घालतां येतें. उबुंटू, लिनक्स मिंट हीं त्याचीं प्रचलित रूपें विनामूल्य आहेत आणि त्यांत मराठी लिहितां-वाचतां येतें. एखादें सरकारी किंवा हिशेबाचें काम विंडोजवरच होत असेल, तर तेवढें आधीं पाहून घ्यावें. परंतु मुख्य फलकच बिघडला असेल, किंवा रॅम डीडीआर २ या जुन्या जातीची असेल, तर डागडुजी करीत बसूं नये. तो संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकतां, आंतील चकती काढून किंवा पूर्ण पुसून, ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे द्यावा. त्यासंबंधीं २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

सारांश, आधीं प्रत, मग पाहणी, मग झाडलोट, आणि सर्वांच्या शेवटीं खरेदी. माझ्या मावशीच्या त्या पेटींत पुढें एसएसडी बसविली. आतां ती अर्ध्या मिनिटांत सुरू होते, आणि मावशी रोज सकाळीं तीवर वर्तमानपत्र वाचते. काकांच्या समारंभाचीं दोन छायाचित्रें एका नातलगाच्या मोबाइलमध्यें सांपडलीं. त्यांच्या प्रती आतां तीन घरीं आहेत. बाकीचीं मिळालीं नाहींत. श्रोत्यांनीं या रविवारीं दुसरें कांहीं केलें नाहीं तरी चालेल. आपल्या घरच्या संगणकांतील छायाचित्रांची एक प्रत तेवढी अवश्य करून ठेवावी.